फी जूनची, शिष्यवृत्ती पुढल्या वर्षाची

बारावीचा निकाल लागला की बदलापूर गावातल्या घराघरांत दोन हिशोब एकाच वहीत मांडले जातात. एक टक्क्यांचा, दुसरा पैशांचा. टक्के बरे असले की पहिली नावे निघतात ती मुंबईतल्या जुन्या मिशनरी कॉलेजांची. जॉन विल्सन यांच्या १८३२ च्या शाळेतून वाढलेले गिरगाव चौपाटीवरचे विल्सन, जेझुइटांनी १८६९ मध्ये स्थापन केलेले धोबीतलावचे सेंट झेवियर्स, १९४० चे सोफिया. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. घोडे बदलायचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी गावाच्या नावाची व्युत्पत्ती लोक सांगतात. आता इथली मुले दादरला गाडी बदलतात. टक्के जुळतात, अंतरही लोक जुळवून घेतात, अडते ते दुसऱ्या हिशोबावर. तिथे दोन समजुती आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. ‘मिशनचं कॉलेज आहे, गरिबाची फी माफ होते’ ही एक. ‘मिशनचं कॉलेज म्हणजे साहेबी थाट, आपल्याला परवडायचं नाही’ ही दुसरी. दोन्हींत संस्थेचा धर्म मोजलेला असतो, आणि फीच्या खिडकीवर त्या धर्माचा फारसा संबंधच येत नाही. मदत मिळणार की नाही, हे सरकारदरबारी संस्थेची आणि अभ्यासक्रमाची नोंद कशी आहे त्यावर ठरते. ती मदत उपयोगी पडणार की नाही, हे ती कोणत्या तारखेला हातात पडते त्यावर ठरते. रक्कम आणि पात्रता यांवर आपल्याकडे उदंड बोलले जाते. तारखेवर क्वचितच. या लेखाचा मुद्दा तारखेचा आहे.

आधी नोंदीचे पाहू, कारण तिथेच सर्वांत मोठा चकवा आहे. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत दोन वेगवेगळ्या अर्थव्यवस्था नांदत असतात. बीए, बीएस्सी, बीकॉमच्या जुन्या तुकड्या अनुदानित. तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून फी काही हजारांत राहते. शेजारच्या वर्गात चालणारे माध्यम, व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान यांचे अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित. तिथे सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघतो आणि आकडा कित्येक पटींनी चढतो. कॉलेज तेच, फाटकावरचा क्रूस तोच. ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ म्हटले की घोळ आणखी वाढतो. महाराष्ट्रात हे वर्णन ज्यांना लागू पडेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुण्याचे स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ ही त्यांतली ठळक. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ च्या राज्य कायद्याने खासगी विद्यापीठ झाली. बेंगळुरूच्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचा एक परिसर लवासाला आहे. आता ८ जुलै २०२४ चा बहुचर्चित शासन निर्णय घ्या. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ करणारा हा निर्णय. त्याच्या मजकुरात कंस उघडून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत, आणि प्रवेशही केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. म्हणजे जिच्या नावात विद्यापीठ हा भारदस्त शब्द आहे तिथेच ही सवलत पोहोचत नाही, आणि मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या साध्या कॉलेजात पोहोचू शकते. कुटुंब मात्र नावाकडे पाहून उलटा अंदाज बांधते.

अभ्यासक्रमाच्या नावाचीही अशीच गंमत आहे, आणि गंमत हा शब्द मी जपून वापरतो आहे. २०२४ मध्ये बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, राज्याने त्यांच्यासाठी सीईटी घेतली. ती कटकट नको म्हणून मुंबई परिसरातल्या बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून घेतली. विषय तेच, शिक्षक तेच, पाटी नवी. पण व्यावसायिक ठरलेल्या अभ्यासक्रमाला एक योजना लागू होते आणि पारंपरिक ठरलेल्याला दुसरी. एका पाटीने विद्यार्थ्याच्या मदतीची वाट बदलते, हे प्रवेशाच्या गर्दीत त्याला सांगणारे कोणी नसते.

आता सरकारी योजनांच्या मुख्य प्रवाहाकडे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा त्यातला सर्वांत जुना आणि मोठा झरा; डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, ती सुरू झाली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये तिची फेररचना केली, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटा ठरवला, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारजोडणी झालेल्या खात्यात जमा होऊ लागला. मधले दलाल गेले, कॉलेजांनी परस्पर पैसे दाबण्याची सोय गेली. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे एक नवे बंधन आले: खात्यात आलेली फीची रक्कम विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजला भरायची. सरकारने ती रक्कम किती दिवसांत खात्यात टाकायची, याला मात्र असा सात दिवसांचा काच नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज, त्याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास. मग कॉलेजची छाननी, मग विभागाची, मग कोषागार. बदलापूरकराला यातल्या दाखल्यांसाठी सेतू केंद्राचे नाहीतर अंबरनाथच्या तहसीलचे दार गाठावे लागते, आणि जून-जुलैत तिथे सगळा तालुका लोटलेला असतो. पैसे मंजूर होईपर्यंत पहिले सत्र उलटते, कधी वर्ष उलटते. दरम्यान कॉलेजची फी जूनमध्ये, रेल्वेचा पास दर महिन्याला आणि पुस्तके पहिल्याच आठवड्यात. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नका, असे सरकारने कॉलेजांना वारंवार बजावले आहे. वारंवार बजावावे लागते यातच काय ते आले.

इथे एक जुना आकडा आठवावासा वाटतो. एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांकडून, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या मध्यस्थीने, जी मदत मिळाली ती महिन्याला पंचवीस रुपये होती. या वाक्यातला आकडा सगळे सांगतात. माझ्या मते ‘महिन्याला’ हा शब्द त्या आकड्याइतकाच मोलाचा आहे. गरिबीचा खर्च महिन्याच्या मापाने येतो आणि त्याला पुरी पडेल अशी मदतही त्याच मापाने यावी लागते. वर्षाअखेरीस एकरकमी आलेले तीस हजार आणि दर महिन्याला आलेले अडीच हजार हे अंकगणितात सारखे आहेत. ज्या घरात बाप अंबरनाथच्या एमआयडीसीत रोजंदारीवर आहे तिथे ते सारखे नाहीत, कारण वर्षाअखेरीचे तीस हजार येईपर्यंत त्या घराने व्याजाने पैसे काढलेले असतात किंवा मुलाने कॉलेज सोडून कुरिअरचे काम धरलेले असते.

ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत नोंदीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये याविरुद्ध मत दिले, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बौद्ध वस्ती दाट आहे. समजा, एकाच चाळीत, एकाच मूळ जातीची, सारख्याच पगाराची दोन घरे आहेत. एकाने बौद्ध धम्म स्वीकारलेला, दुसऱ्याने ख्रिस्ती धर्म. दोन्ही घरांतल्या मुली एकाच मिशनरी कॉलेजात गेल्या तर पहिलीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मागता येते, दुसरीला इतर मागासवर्गाच्या किंवा अल्पसंख्याकांच्या योजनांकडे वळावे लागते. केंद्राच्या अल्पसंख्याक मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा दोन लाख, म्हणजे महिन्याला सोळा हजार सहाशेच्या आसपास. ओव्हरटाइम केला की माणूस तिच्याबाहेर. त्यातही २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या, प्रकरण सीबीआयकडे गेले. चोरी काही संस्थांनी केली, वाट पाहायची पाळी खऱ्या विद्यार्थ्यांवर आली. ख्रिस्ती कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यालाच मदतीच्या वाटा कमी, हे त्या ‘मिशनचं कॉलेज’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसते.

यावर पहिला आक्षेप अर्थातच येणार: मिशनऱ्यांची मदत कधी निरपेक्ष होती का? आक्षेपाला आधार आहे, तो झटकून टाकता येत नाही. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी धर्मांतर केले, प्रकरण कोर्टात गेले आणि पारशी पालकांनी मुले काढून घेतली. आणखी जवळचे उदाहरण कल्याणचे, म्हणजे बदलापूरहून चार स्टेशनांच्या अंतरावरचे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, तिथलाच. त्यांना अमेरिकेत शिकता यावे म्हणून त्यांचे पती गोपाळराव यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. धर्म बदललात तर मदत करू, असे उत्तर आले. जोशी दांपत्याने ते मानले नाही. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, न्यू जर्सीच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेला तो पडला, आणि त्यांनी अटीवाचून आधार दिला. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे सांगून आनंदीबाई निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. एकाच मासिकाच्या पानांवर सशर्त मदत आणि बिनशर्त मदत समोरासमोर आल्या. दोन्ही देणारे ख्रिस्तीच. तेव्हा देणाऱ्याचा धर्म विचारून फारसे काही कळत नाही, अट विचारावी. आणि आजच्या अनुदानित कॉलेजांपुरता अटीचा प्रश्न संविधानाने बांधून टाकला आहे. कलम २८(३) प्रमाणे विद्यार्थ्याला त्याच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कलम २९(२) प्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म वा जातीवरून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ३० चा अल्पसंख्याक दर्जा आणि त्यातून येणाऱ्या राखीव जागा हा वेगळा वाद आहे. तो उल्हासनगरच्या सिंधी भाषिक अल्पसंख्याक कॉलेजांनाही तितकाच लागू आहे; तिथे कोणी धर्मांतराची भीती घालत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. मदत हुशारांना द्या, गरजूंना वाटत बसाल तर पैसा वाया जाईल, असे म्हणणारे आजही खूप आहेत. याला उत्तर पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या एका गृहस्थाने १८८२ मध्येच देऊन ठेवले आहे. जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरकरणी न्याय्य असले तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगतीच झालेली नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, असा त्यांचा रोख होता. स्वतः मिशनच्या शाळेचा लाभ घेतलेला माणूस हे म्हणतो, याला वजन आहे. आजच्या भाषेत त्यात एवढीच भर घालावी लागेल की रोज चार तास लोकलमध्ये काढणाऱ्या मुलाचे ७० टक्के आणि वाळकेश्वरहून चालत येणाऱ्याचे ७० टक्के हे एकाच तराजूत तोलणे ही गुणवत्तेचीही नीट मोजणी नव्हे.

मग ख्रिस्ती संस्थांकडे असे काय आहे, जे सरकारी पोर्टलकडे नाही? पैसा नव्हे, सरकारच्या तुलनेत त्यांचा पैसा चिमूटभर. त्यांच्याकडे आहे ती जागेवर, त्याच आठवड्यात निर्णय घेण्याची जुनी सवय. अ‍ॅडव्हेंटिस्ट शिक्षणपद्धतीत अंगमेहनतीचे काम हा शिक्षणाचाच भाग मानतात. पुणेकरांना स्पायसरचा पाव ठाऊक असतो, त्यामागे हीच कल्पना होती: विद्यार्थ्याने परिसरातच काम करायचे, मजुरी फीत वळती व्हायची. अमेरिकेत केंटकीचे बेरिया कॉलेज १८९२ पासून शिक्षण शुल्क घेत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम देते. मराठी वाचकाला हे नवे नाही. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र साताऱ्याच्या वसतिगृहांत मुरवले, आणि पुणे विद्यापीठाची योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तिसरा मार्ग काढला. फी अगदी कमी ठेवायची, आणि मिशन संस्थेने पुरस्कृत केलेल्या डॉक्टरने शिक्षणानंतर ठरावीक काळ मिशनच्या रुग्णालयात सेवा द्यायची. या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याला शिकताना पैसे शोधावे लागत नाहीत. परतफेड श्रमाने किंवा सेवेने, नंतर किंवा हळूहळू होते.

तरी ही पद्धत उचलून बदलापूरला जशीच्या तशी लावता येणार नाही. कामातून शिक्षण हे निवासी संस्थेचे शास्त्र आहे. वसतिगृहात राहणाऱ्याला संध्याकाळचे दोन तास असतात. ६:१० ची लोकल पकडून निघालेल्या मुलीला ते नसतात; तिचे काम करण्याचे तास डब्यात उभे राहण्यात जातात, आणि त्याची मजुरी कोणी देत नाही. रेल्वेच्या पासात विद्यार्थ्याला सवलत मिळते, पण वेळेची सवलत कुठे मिळते? म्हणून रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्यांसाठी ख्रिस्ती कॉलेजांच्या परंपरेतून घ्यावी ती निर्णयाची जवळीक. श्रमाची अट सोडून द्यावी.

तिसरा आक्षेप: कर्ज आहे ना. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन न घेता कर्ज, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी. इंजिनीअरिंग किंवा एमबीएसाठी हे ठीक. पण अनुदानित बीएची वर्षाची फी काही हजार असते. तेवढ्यासाठी बँकेत फाइल करायची, आणि इतिहासात बीए होऊन काय पगार मिळेल याचा अंदाजही नसताना हप्ते डोक्यावर घ्यायचे, हा व्यवहार बापाला पटत नाही आणि तो चुकत नाही. लहान रकमेची, थोड्या महिन्यांची अडचण आहे. तिच्यावर मोठे, लांब मुदतीचे कर्ज हा उतारा नव्हे.

त्या अडचणीला आपल्या भाषेत शब्द आहे: हातउसने. व्याज नाही, कागद नाही, आले की दिले. कॉलेजने माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून नेमका असा एक हातउसन्यांचा फंड ठेवावा. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज दाखल झाल्याची पावती दाखवली की फी, पास, पुस्तके एवढे पैसे त्याच आठवड्यात मिळावेत. शिष्यवृत्ती खात्यात आली की ते फंडात परत यावेत आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याच्या कामी पडावेत. देणगी एकदा वाटून संपते, हा पैसा फिरत राहतो. माजी विद्यार्थ्यांची दांडगी यादी असलेल्या जुन्या मिशनरी कॉलेजांना हे जड नाही. यादीबाहेरची मदत उभी करणे त्यांना नवेही नाही; अहमदनगर कॉलेजची उभारणीच पाहा: भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये ते काढले, मुंबई-पुण्यापासून लांब, दुष्काळी जिल्ह्यात. मुलांना शहरात न बोलावता कॉलेज मुलांकडे नेणे हीदेखील मदतच होती, आणि कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत तिची नोंद नाही.

यावर दोन शंका रास्त आहेत. प्राचार्यांच्या मर्जीचा पैसा ओळखीपाळखीच्यांकडे जातो, ही पहिली. म्हणूनच निकष एकच ठेवायचा, अर्जाची पावती. शिफारसपत्र नको, मुलाखत नको, गरिबी सिद्ध करायला लावणारी चौकशी नको. दुसरी शंका मला अधिक छळते: संस्थांनी मधला खड्डा बुजवला तर सरकार आणखी निवांत होईल. होईलही. पण आज त्या खड्ड्याची नोंद कुठेच होत नाही, कारण त्यात पडलेला मुलगा ‘गळती’च्या आकड्यात जातो, ‘उशीर’ असे कोणी लिहीत नाही. फंडाच्या वहीत दिलेल्या आणि परत आलेल्या रकमांच्या तारखा असतील. चार-पाच कॉलेजांच्या अशा वह्या एकत्र ठेवल्या तर समाजकल्याण विभागाला विचारता येईल की मधले महिने कोणाचे.

तोवर येत्या जूनमध्ये गावातून कोणी प्रवेशाला निघाले, तर फीच्या खिडकीवर कॉलेजचा इतिहास विचारण्याची गरज नाही. तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? प्रवेश केंद्रीभूत फेरीतून धरला जाणार की व्यवस्थापन कोट्यातून? महाडीबीटीच्या यादीत हा अभ्यासक्रम कोणत्या नावाने आहे? शिष्यवृत्ती येईपर्यंत फी थांबवाल का, की हप्ते पाडून द्याल, आणि पहिला हप्ता किती? उत्तरे मिळाली की पावतीच्या मागे लिहून घ्यावीत, तारखेसकट.